चाँदरात आणि चंद्रदर्शन : नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रमजान आणि दोन्ही ईद जवळ आल्या की जुन्या नाशकातून, वडाळ्यातून, देवळालीतून, तसेच मुस्लिम शेजारी किंवा सहकारी असलेल्या अनेक हिंदू वाचकांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. फिकहचे (इस्लामी धर्मनियमांच्या शास्त्राचे) मतभेद जेथे आहेत तेथे ते तसे सांगितले आहेत. अंतिम निर्णय अर्थातच आपापल्या उलेमांचा (धर्मपंडितांचा) आणि हिलाल कमिटीचा (चंद्रदर्शनाच्या साक्षी घेऊन निर्णय देणाऱ्या समितीचा) असतो.

१. इस्लामी महिना नेमका केव्हा सुरू होतो?

चालू महिन्याच्या २९ तारखेला सूर्य मावळल्यानंतर पश्चिमेला नवी चंद्रकोर डोळ्यांनी दिसली आणि तशी साक्ष स्वीकारली गेली, की त्याच संध्याकाळपासून पुढचा महिना सुरू होतो. कोर दिसली नाही तर ३० दिवस पूर्ण केले जातात आणि त्यानंतरच्या संध्याकाळी कोणी आकाशाकडे पाहिले नाही तरी नवा महिना लागतो. महिना २८ दिवसांचा किंवा ३१ दिवसांचा कधीच नसतो. याचा आधार बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत (पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहांत) आहे : चंद्र पाहून रोजे सुरू करा, चंद्र पाहून रोजे सोडा, आणि आकाश झाकलेले असेल तर ३० ची गणती पूर्ण करा. इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होत असल्यामुळे रमजानची पहिली तरावीह (रात्रीची विशेष नमाज) पहिल्या रोजाच्या आदल्या रात्री पढली जाते, हेही नव्याने विचारणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

२. पंचांगात अमावास्या संपल्याची वेळ दिलेली असते. मग त्याच वेळी नवा महिना का धरत नाहीत?

अमावास्या संपते तो क्षण म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्य आणि चंद्र यांचे रेखांश एक होण्याचा क्षण, म्हणजेच खगोलशास्त्रातील युती. त्या क्षणी चंद्राची उजळलेली बाजू जवळजवळ पूर्णपणे आपल्यापासून पलीकडे असते आणि तो सूर्याच्या प्रखर तेजात बुडालेला असतो. तो दिसण्यासाठी सूर्यापासून पुरेसा दूर सरकावा लागतो. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दांजों यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले, की हे कोनीय अंतर सुमारे ७ अंशांपेक्षा कमी असेल तर कोर डोळ्यांना दिसतच नाही. प्रत्यक्षात साध्या डोळ्यांना १० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक अंतर लागते. आपल्या परंपरेतही हे जाणलेले होते. सूर्यसिद्धान्तात चंद्र दिसू लागण्यासाठी १२ अंशांचा नियम दिला आहे, आणि प्रतिपदाही सूर्य-चंद्रांतील अंतर १२ अंश झाल्यावरच संपते.

घरात पंचांग असेल तर त्याचा एक चांगला उपयोग होतो. अमावास्या समाप्तीपासून २९ तारखेच्या सूर्यास्तापर्यंत किती तास झाले ते मोजावे. हे चंद्राचे वय. १५ तासांपेक्षा कमी वय असेल तर साध्या डोळ्यांनी दिसण्याची आशा जवळजवळ नसते, २४ तासांच्या पुढे गेल्यास निरभ्र आकाशात तो बहुधा दिसतो, आणि मधला पट्टा हा खऱ्या परीक्षेचा. मात्र वय हा एकमेव निकष नाही, कारण चंद्र पृथ्वीच्या जवळ असताना भरभर आणि दूर असताना सावकाश सरकतो.

३. दिनदर्शिकेवर ‘चंद्रदर्शन’ असे छापलेले असते. तोच दिवस ग्राह्य धरावा का?

तो अंदाज म्हणून उपयोगी आहे, निर्णय म्हणून नाही. मराठी दिनदर्शिकेतील चंद्रदर्शनाचा दिवस गणिताने आधीच काढलेला असतो; नाशिकच्या पश्चिमेला त्या संध्याकाळी ढग आहेत की धूळ, हे त्या गणिताला ठाऊक नसते. तरीही ती नोंद पाहण्याची सवय चांगली आहे. भाऊबीजेच्या संध्याकाळी आधी चंद्राला ओवाळून मग भावाला ओवाळणाऱ्या घरांत ज्या कोरीची वाट पाहिली जाते, तीच कोर त्या आसपास एखाद्या इस्लामी महिन्याची सुरुवात ठरवत असते.

४. २०२५ मध्ये गुढीपाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी ईद आली, पण २०२४ मध्ये दोन दिवसांनी का आली?

हा प्रश्न फार चांगला आहे, कारण या दोन वर्षांत चंद्रदर्शनाचे जवळजवळ सगळे शास्त्र दिसून येते.

२०२५ मध्ये अमावास्या २९ मार्चला दुपारी साडेचारच्या सुमारास संपली. त्या संध्याकाळी चंद्राचे वय जेमतेम सव्वादोन तास होते, त्यामुळे दिसण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे रमजान २ मार्चला सुरू झाला असल्याने २९ वा रोजा ३० मार्चला, म्हणजे पाडव्याच्या दिवशी होता. त्या संध्याकाळी नाशिकमध्ये सूर्य पावणेसातनंतर मावळला तेव्हा चंद्र २६ तासांचा झाला होता. चंद्रदर्शन झाले, रमजान २९ दिवसांचा ठरला आणि ३१ मार्चला ईद झाली.

२०२४ मध्ये अमावास्या ८ एप्रिलच्या रात्री बाराला थोडा अवकाश असताना संपली आणि पाडवा ९ एप्रिलला आला. योगायोगाने तोही रमजानचा २९ वा दिवस होता. पण त्या दिवशीच्या सूर्यास्ताला चंद्र सुमारे १९ तासांचा होता, म्हणजे वर सांगितलेल्या मधल्या पट्ट्यातला. केरळमध्ये चंद्र दिसल्याचे जाहीर होऊन १० एप्रिलला ईद झाली. महाराष्ट्रासह देशाच्या बहुतेक भागांत साक्ष मिळाली नाही, ३० रोजे पूर्ण करण्यात आले आणि ११ एप्रिलला ईद साजरी झाली. दोन्हीही निर्णय आपापल्या ठिकाणी नियमानुसारच होते. अशा वयाच्या कोरीसमोर थोडीशी धुळवटही पुरेशी ठरते.

५. नाशिकमध्ये कोर कोठून आणि किती वाजता पाहावी?

वेळेपासून सांगतो. सूर्य मावळताच घाई करू नये, कारण तेव्हा आकाश फार उजळ असते. सूर्यास्तापासून चंद्रास्तापर्यंत जितकी मिनिटे मिळणार असतील, त्यांच्या निम्म्याहून थोडे कमी होतील तेव्हाचा काळ सर्वांत अनुकूल असतो. पन्नास मिनिटे मिळणार असतील तर सूर्यास्तानंतर वीस ते पंचवीस मिनिटांनी. मगरिबची (सूर्यास्तानंतरची) नमाज पढून गच्चीवर जाण्याची जुनी पद्धत म्हणूनच अगदी योग्य वेळ साधते.

जागेबाबत एकच अट : पश्चिम क्षितिज मोकळे हवे. नाशिकची अडचण ही की पश्चिमेला आणि नैऋत्येला अंजनेरी-त्र्यंबकच्या डोंगररांगा आहेत. अंजनेरी शहरापासून वीसेक किलोमीटरवर, शहराच्या पातळीपेक्षा सुमारे ७०० मीटर उंच आहे. म्हणजे त्या दिशेचे क्षितिज सुमारे २ अंशांनी वर उचलले जाते आणि आठ-नऊ मिनिटे हातची जातात. हिवाळ्यात सूर्य नेमका त्याच बाजूला मावळतो, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत हा फरक अधिक जाणवतो. उन्हाळ्यात सूर्य वायव्येकडे सरकतो आणि अडथळा बदलतो. जुन्या नाशकातील गल्ल्यांतून पश्चिम दिसतच नाही, म्हणून उंच इमारतीची गच्ची गाठावी. गंगापूर धरणाच्या परिसरात, जेथे जाण्याची मुभा आहे तेथून, पाण्यावरून पश्चिमेची बाजू चांगली मोकळी मिळते. पांडवलेणी मात्र या कामाला सोयीची नाहीत, कारण लेण्यांचे तोंड उत्तरेच्या बाजूला आहे आणि पश्चिमेला डोंगराचाच आडोसा येतो. रामशेजसारख्या गडावरून दृश्य सुंदर मिळते, पण अंधारात उतरण्याचा धोका या कामासाठी पत्करू नये.

६. कोर नेमकी कशी दिसते? डोळ्यांचा भास झाला नाही हे कसे ओळखावे?

सूर्य ज्या बिंदूला मावळला तो लक्षात ठेवावा आणि त्याच्या वर, थोडे डावी-उजवीकडे शोधावे. पहिली कोर केसासारखी बारीक असते, आणि तिची उजळ कड नेहमी मावळलेल्या सूर्याच्या दिशेला असते. टोके सूर्यापासून दूर, वरच्या बाजूला वळलेली असतात. कोणी टोके खाली असल्याचे सांगितले तर त्याने चंद्र पाहिलेला नाही, असे ठामपणे म्हणता येते. नाशिकच्या अक्षांशावर, म्हणजे २० अंश उत्तरेला, मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी चंद्राचा मार्ग क्षितिजावर जवळजवळ उभा असतो, म्हणून कोर होडीसारखी आडवी पडलेली दिसते आणि सूर्याच्या सरळ वर मिळते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो मार्ग क्षितिजाशी सुमारे ४७ अंशांपर्यंत झुकतो. तेव्हा कोर तिरकी उभी असते, सूर्याच्या डावीकडे सरकलेली असते आणि तितक्याच वयाची असूनही लवकर मावळते.

फसवणूक करणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत : मावळत्या उन्हात चमकणारी ढगाची कड, विमानामागची धुराची रेघ, आणि शुक्र. शुक्र साध्या डोळ्यांना ठिपका दिसतो, कोर नाही. दिसलेली वस्तू पाच मिनिटांनी पुन्हा पाहावी. ढग आकार बदलतो, धुराची रेघ पसरते. चंद्र मात्र आकार न बदलता क्षितिजाकडे थोडा खाली गेलेला असतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला बोट न दाखवता स्वतंत्रपणे शोधू द्यावे. त्यालाही त्याच जागी दिसला तर खात्री पक्की होते.

७. दुर्बीण किंवा मोबाइलवरील अ‍ॅप वापरलेले चालते का?

अ‍ॅपने दिशा आणि उंची पाहून ठेवण्यात कोणाचीच हरकत नाही आणि ते जरूर करावे. दुर्बिणीबाबत मते वेगळी आहेत : अनेक उलेमांच्या मते दुर्बीण ही दृष्टीची मदतच आहे, तर काहींना साध्या डोळ्यांनी दिसणेच अपेक्षित आहे. आधी दुर्बिणीने जागा हेरून मग साध्या डोळ्यांनी पाहिले तर वाद उरत नाही. केवळ कॅमेऱ्याने टिपलेली कोर हा वेगळाच विषय आहे. २०१३ मध्ये फ्रान्सच्या थिएरी लेगॉ यांनी तर भरदिवसा, नेमक्या युतीच्या क्षणी चंद्राचे छायाचित्र घेतले होते, आणि त्याला कोणीही चंद्रदर्शन म्हणणार नाही. एक सूचना कळकळीची : सूर्य पूर्ण मावळण्याआधी दुर्बीण पश्चिमेकडे वळवू नका. क्षणभरात डोळा कायमचा अधू होऊ शकतो, आणि चाँदरातीला (ईदच्या आदल्या संध्याकाळी) मुलांच्याही हातात दुर्बीण असते.

८. मला चंद्र दिसला तर काय करावे?

प्रथम दुआ. नवा चंद्र पाहिल्यावर पढायच्या दुआत तो चंद्र बरकत, ईमान, सलामती आणि इस्लाम घेऊन उगवो असे मागणे आहे आणि शेवटी चंद्रालाच उद्देशून, माझा आणि तुझा रब अल्लाह आहे, असे म्हटले जाते. मग विलंब न करता जवळच्या मशिदीच्या इमामांकडे, शहर-ए-खतीब (शहराचे प्रमुख धर्मगुरू) यांच्याकडे किंवा हिलाल कमिटीकडे स्वतः जाऊन गवाही द्यावी. कोठून पाहिला, किती वाजता, सूर्यास्ताच्या कोणत्या बाजूला, किती उंचीवर, टोके कोणीकडे होती, किती वेळ दिसला, हे विचारले जाते. त्यात अपमान काही नाही. हजारो लोकांचा रोजा आपल्या शब्दावर ठरणार असतो. समाजमाध्यमांवर फोटो टाकणे म्हणजे गवाही नव्हे. फिकहमध्ये बातमी आणि समोर उभे राहून दिलेली साक्ष यांत स्पष्ट फरक केला जातो.

९. किती साक्षीदार लागतात?

हनफी मताप्रमाणे (सुन्नी फिकहच्या चार प्रमुख मतांपैकी हे एक; शाफई हे दुसरे) आकाश ढगाळ असेल तर रमजानच्या चंद्रासाठी एका विश्वासार्ह स्त्री किंवा पुरुषाचे सांगणे पुरते. ईदच्या चंद्रासाठी दोन पुरुष किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रिया लागतात. आकाश स्वच्छ असेल तर दोघांचे म्हणणे पुरेसे मानले जात नाही, मोठ्या समूहाने पाहिलेला हवा, कारण मोकळ्या आकाशात चंद्र खरोखर असेल तर तो दोघांनाच का दिसावा? हा युक्तिवाद मला अतिशय समंजस वाटतो. शाफई मताप्रमाणे रमजानला एक आणि इतर महिन्यांना दोन साक्षीदार पुरतात. कोकणीपुऱ्यातील कोकणी मुस्लिम परंपरेने शाफई असल्याने नाशिकमध्ये दोन्ही नियम माहीत असलेले बरे.

१०. पावसाळ्यात आकाश दिसतच नाही. मग?

३० दिवस पूर्ण करायचे (प्रश्न १). जून ते सप्टेंबर घाटमाथ्याकडून येणाऱ्या ढगांमुळे आपले पश्चिम क्षितिज बहुतेक संध्याकाळी झाकलेले असते, त्यामुळे अशा दिवसांत बाहेरगावच्या विश्वासार्ह साक्षींवर अधिक अवलंबून राहावे लागते. मालेगाव नाशिकहून शंभरेक किलोमीटरवर आहे. तेथे सूर्य आपल्यापेक्षा जेमतेम तीन मिनिटे आधी मावळतो, त्यामुळे खगोलीय दृष्टीने दोन्ही शहरांचा चंद्र एकच आहे.

११. सौदीत ईद आदल्या दिवशी होते. चंद्र तर एकच आहे ना?

चंद्र एकच आहे, सूर्यास्त एक नाही. मक्केत सूर्य नाशिकच्या सुमारे सव्वादोन तासांनंतर मावळतो आणि तेवढ्या काळात चंद्र सूर्यापासून आणखी एक अंशभर दूर जातो. काठावरच्या संध्याकाळी एवढ्याने फरक पडतो, म्हणून साधारणपणे पश्चिमेकडील देशांना चंद्र आधी दिसण्याची संधी मिळते. शिवाय सौदीची उम्मुल कुरा दिनदर्शिका गणिती आहे; रमजान, शव्वाल (रमजाननंतरचा महिना) आणि जिलहिज्जसाठी (बकरी ईदचा महिना) तेथील सर्वोच्च न्यायालय साक्षी घेते, पण साक्ष स्वीकारण्याची त्यांची पद्धत आपल्याहून वेगळी आहे.

एका ठिकाणचे दर्शन दुसरीकडे लागू होते का, हा प्रश्न सहाबांच्या (पैगंबरांच्या सहकाऱ्यांच्या) काळापासूनचा आहे. सहीह मुस्लिममध्ये कुरैब यांची हकीकत येते : त्यांनी शाममध्ये (सीरियाच्या प्रदेशात) शुक्रवारच्या रात्री (इस्लामी गणनेने, म्हणजे गुरुवारी सूर्यास्तानंतर) चंद्र पाहिला होता, मदिनेत तो शनिवारच्या रात्री दिसला, आणि सहाबी इब्न अब्बास यांनी शामचे दर्शन मदिनेसाठी मानले नाही. शाफई परंपरा याच मार्गाने जाते. हनफी ग्रंथांत एका जागचे दर्शन सर्वांना लागू असे जुने मत आहे, तरी नंतरच्या अनेक उलेमांनी फार दूरच्या प्रदेशांचा मतला (चंद्र दिसण्याचे क्षितिज) वेगळा मानला. त्यामुळे सौदीची बातमी ऐकून नाशिकमध्ये एकट्याने ईद करू नये. आपल्या शहराबरोबर राहावे.

१२. बोहरा बांधव एखादा-दुसरा दिवस आधी रमजान कसा सुरू करतात?

दाऊदी बोहरा समाज फातिमी काळापासूनची गणिती दिनदर्शिका पाळतो. तीत विषम महिने ३० चे आणि सम महिने २९ चे असतात, आणि ३० वर्षांच्या चक्रात ११ वर्षे एका दिवसाने मोठी असतात. रमजान नववा महिना, म्हणून त्यांचा रमजान नेहमी ३० दिवसांचा असतो. त्यांच्याकडे २९ तारखेची अनिश्चितता नसते.

१३. मग सर्वांनीच गणित का स्वीकारू नये?

काहींनी स्वीकारले आहे. तुर्कस्तानात आणि इंडोनेशियातील मुहम्मदिया संघटनेत महिने आधीच जाहीर होतात. पाकिस्तानात आणि आपल्याकडे साक्षीवर निर्णय होतो. माझे मत स्पष्ट सांगतो : गणित आणि दर्शन यांत भांडण लावण्याचे कारण नाही. युतीची वेळ आज सेकंदापर्यंत अचूक सांगता येते, त्यामुळे जेव्हा चंद्र क्षितिजावर नसतोच तेव्हाची साक्ष गणिताच्या आधारे नाकारली जावी. पण जेथे दिसणे शक्य आहे तेथे ते प्रत्यक्ष घडले का, हे डोळ्यांनीच सांगायचे आहे, आणि शरीअतने माणसांना दिलेले हे काम फोनवरच्या संदेशाची वाट पाहत सोडून देऊ नये. २९ च्या संध्याकाळी नाशिकच्या गच्च्या रिकाम्या असतात, याचे मला खरोखर वाईट वाटते.

१४. रमजान दरवर्षी मागे का सरकतो? अधिकमास का घेत नाहीत?

चांद्रमास सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटांचा असतो, म्हणून बारा महिन्यांचे वर्ष ३५४ दिवसांच्या आसपास भरते आणि सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान पडते. मराठी पंचांग हा फरक अधिकमासाने भरून काढते. इस्लाममध्ये महिने वाढवण्याची किंवा पुढे ढकलण्याची प्रथा सूरह तौबामध्ये निषिद्ध ठरवली आहे. परिणामी सुमारे ३३ वर्षांत रमजान सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. २०३० मध्ये तो जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस, असा दोनदा सुरू होईल.

१५. शाळेची किंवा कार्यालयाची सुट्टी आधी ठरवायची असते. बकरी ईदचा दिवस किती आधी कळतो?

बकरी ईद जिलहिज्जच्या १० तारखेला असते, म्हणून त्या महिन्याचा चंद्र दिसल्यावर नऊ-दहा दिवस हाताशी असतात. आशुरा (मोहरमची १० तारीख) आणि १२ रबीउलअव्वलच्या (ईद-ए-मिलादच्या) बाबतीतही तसेच. रमजान ईदचा निर्णय मात्र आदल्या संध्याकाळीच होतो. शासनाच्या यादीतील तारीख अंदाजाची असते आणि ती बदलू शकते. मुख्याध्यापकांना आणि अधिकाऱ्यांना विनंती एवढीच, की ईदच्या आगेमागे दोन्ही दिवशी परीक्षा किंवा महत्त्वाची बैठक ठेवू नये.

१६. मी दुबईत रोजे सुरू केले आणि नंतर नाशिकला आलो. माझे ३० पूर्ण झाले, पण येथे चंद्र दिसला नाही. आता?

येथील लोकांबरोबर रोजा ठेवावा, तो ३१ वा झाला तरी. ईद आपण जेथे आहोत तेथील जमातीबरोबर होते. उलट, नाशिकहून उशिरा सुरू करून आखातात गेलेल्या माणसाचे ईदच्या दिवशी २८ च रोजे भरले, तर त्याने तेथे ईद करावी आणि नंतर एक रोजा कजा (राहिलेल्याची भरपाई म्हणून) ठेवावा, कारण महिना २९ पेक्षा लहान असू शकत नाही.

१७. मला चंद्र स्पष्ट दिसला, पण माझी गवाही स्वीकारली गेली नाही. मी काय करू?

हनफी मताप्रमाणे रमजानचा चंद्र असेल तर तुम्ही स्वतः रोजा ठेवावा. ईदचा असेल तर एकट्याने ईद न करता सर्वांबरोबर रोजा ठेवावा. शाफई मत दुसऱ्या बाबतीत वेगळे आहे : ईदचा चंद्र स्वतः पाहिलेल्याने रोजा ठेवू नये, पण लोकांसमोर खाऊ-पिऊ नये. दोन्हींत आपली खात्री आणि समाजाची एकजूट यांची काळजी घेतलेली आहे.

१८. ईदच्या चंद्राची खात्रीशीर बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी आली तर? आणि दिवसा चंद्र दिसला तर?

बातमी शरीअतनुसार सिद्ध झाल्याचे उलेमांनी जाहीर करताच रोजा सोडावा. जाहीर होताना जवाल (सूर्य माथ्यावरून ढळणे) झालेला नसेल तर ईदची नमाज त्याच दिवशी पढावी. जवाल उलटून गेला असेल तर हनफी मताप्रमाणे नमाज दुसऱ्या सकाळी होते, मग ती त्र्यंबक रोडच्या ईदगाहवर असो वा मोहल्ल्याच्या मशिदीत. एतेकाफला (रमजानच्या अखेरीस मशिदीत मुक्कामाला) बसलेले त्या घोषणेबरोबर उठतात. सदका-ए-फित्र (रमजान ईदचे गरिबांसाठीचे दान) आधी दिला नसेल तर तो नमाजीपूर्वी द्यावा. दिवसाउजेडी दिसलेला चंद्र, दुपारच्या आधी दिसो वा नंतर, बहुसंख्य फुकहांच्या (फिकहच्या पंडितांच्या) मते येणाऱ्या रात्रीचा धरला जातो. त्यावरून चालू दिवसाचा रोजा सोडता येत नाही.